वकील वल्लभभाईंच्या मागावर: अहमदाबाद ते बोरसद अभ्याससहलीचे परीक्षण

सरदार वल्लभभाई पटेल यांच्याविषयी काही पाहायचे म्हटले की हल्ली लोक थेट केवडियाचा रस्ता धरतात, १८२ मीटर उंचीच्या पुतळ्यापुढे उभे राहतात आणि नर्मदेचे पाणी पाहून परततात. त्यात गैर काहीच नाही. मात्र या माणसाने आपली ऐन उमेदीची वर्षे तालुक्याच्या कोर्टांत फौजदारी आरोपींची वकीलपत्रे घेण्यात घालवली होती, हे त्या पुतळ्याकडे पाहून कळण्याची सोय नाही. नेमक्या त्याच वर्षांचा माग काढणारी एक दोन दिवसांची अभ्याससहल अहमदाबादमधील काही इतिहासप्रेमी मंडळी हिवाळ्यात काढतात. सहलीचे स्वरूप घरगुती आहे आणि आपले नाव छापू नये ही त्या मंडळींचीच विनंती असल्याने ते येथे दिलेले नाही. ज्यांना सरदार म्हणजे केवळ 'लोहपुरुष' एवढेच ठाऊक आहे, त्यांनी तर ही सहल करावीच. पण ज्यांनी चरित्रे वाचली आहेत त्यांनाही ती वाया गेली असे वाटणार नाही, कारण तिची मांडणी सनावळीने केलेली नसून गावांनुसार केलेली आहे, आणि त्या मांडणीतून एक असा धागा हाती लागतो जो जन्मापासून मृत्यूपर्यंत सरळ जाणाऱ्या चरित्रात बहुधा सुटून जातो.

तो धागा असा. वल्लभभाईंनी ज्या ज्या गावी वकिली केली, त्या त्या गावी त्यांचे राजकारण पुढे परत आले. १९०० साली डिस्ट्रिक्ट प्लीडरची, म्हणजे जिल्ह्यातल्या कोर्टांत वकिली करण्याची, परीक्षा उत्तीर्ण होऊन त्यांनी गोध्र्यात पाटी लावली. १९१७ साली गांधीजींच्या अध्यक्षतेखालील पहिली गुजरात राजकीय परिषद त्याच गोध्र्यात भरली आणि तिच्यातून उभ्या राहिलेल्या कार्यकारी समितीच्या कामाची सूत्रे वल्लभभाईंकडे आली. त्या परिषदेला लोकमान्य टिळकही उपस्थित होते. १९०२ च्या सुमारास ते बोरसदला गेले आणि तेथे फौजदारी वकील म्हणून त्यांचे नाव झाले. १९२३ साली त्याच बोरसद तालुक्यावर सरकारने जादा पोलिसांचा कर लादला तेव्हा त्याविरुद्धची लढाई त्यांनीच चालवली आणि जिंकली. अहमदाबादेत १९१३ पासून बॅरिस्टर म्हणून ते उभे राहिले आणि त्याच शहराच्या नगरपालिकेचे १९२४ ते १९२८ या काळात अध्यक्ष झाले. अशी ही तीन गावे आणि प्रत्येकाचे दोन अध्याय. सहलीच्या मार्गदर्शक बाई, ज्यांना सगळे गुजराती रिवाजाप्रमाणे नुसते 'बेन' म्हणतात, या निवृत्त इतिहास-प्राध्यापिका आहेत. त्यांनी हे सूत्र पहिल्या अर्ध्या तासात सांगून टाकले आणि नंतर उगाच दर ठिकाणी त्याचा घोष केला नाही, याचे मला विशेष वाटले.

सहलीची सुरुवात भद्र किल्ल्याच्या परिसरात सकाळी होते. जुन्या कोर्टांचा हा भाग अजूनही काळ्या कोटांनी, टंकलेखकांनी आणि स्टँपपेपर विकणाऱ्यांनी गजबजलेला असतो. येथूनच काही पावलांवर गुजरात क्लब आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस स्थापन झालेल्या या क्लबात शहरातले वकील संध्याकाळी जमत, आणि विलायतेहून परतलेले वल्लभभाई येथे पत्ते खेळत. ब्रिज हा त्यांचा आवडता डाव होता आणि त्यात त्यांना हरवणे सोपे नसे. उत्तम शिवलेला विलायती सूट, किंचित तिरकी घातलेली फेल्ट हॅट, बोलणे कमी आणि नजर मात्र समोरच्याला तोलणारी: असे त्यांचे त्या दिवसांतले वर्णन गणेश वासुदेव मावळणकर यांनी करून ठेवले आहे. १९१६ च्या सुमारास गांधीजी या क्लबात बोलावयास आले असता वल्लभभाई पत्त्यांच्या टेबलावरून उठलेसुद्धा नाहीत. उलट, गहू निवडल्याने आणि असल्या गोष्टींनी म्हणे स्वराज्य मिळणार, अशी थट्टा त्यांनी मावळणकरांपाशीच केली.

मावळणकर हे नाव येथे आले की मराठी माणसाने थोडे थबकावे. रत्नागिरी जिल्ह्यातील मावळंगे येथले मूळ घराणे, जन्म बडोद्याचा, शिक्षण काही राजापूरला आणि पुढे अहमदाबादच्या गुजरात कॉलेजात, त्यानंतर मुंबईत कायद्याची पदवी आणि १९१३ पासून अहमदाबादेत वकिली. म्हणजे वल्लभभाई बॅरिस्टर होऊन परतले त्याच वर्षी हे दादासाहेब मावळणकर त्याच कोर्टात उभे राहू लागले. पुढे तेही नगरपालिकेत गेले, तिचे अध्यक्ष झाले, १९३७ मध्ये मुंबई विधानसभेचे आणि १९५२ मध्ये पहिल्या लोकसभेचे सभापती झाले. वकिलीतून राजकारणात गेलेली ही दोन माणसे एकाच कोर्टातून निघाली: एकाने राज्ये जोडली आणि दुसऱ्याने सभागृह चालवण्याची शिस्त घातली. बेनना मावळणकरांविषयी पुष्कळ माहिती होती आणि गटात मराठी मंडळी अधिक असल्याचे पाहून त्यांनी येथे ठरल्यापेक्षा अधिक वेळ दिला. क्लबाच्या आत प्रवेश नव्हता, तो फाटकाबाहेरूनच पाहावा लागला. पण सांगणारे माणूस चांगले असले की फाटकही पुरते.

दाणापीठातील महानगरपालिकेची इमारत आज सरदार पटेल भवन या नावाने ओळखली जाते. तेथे आम्ही फार वेळ थांबलो नाही. नगरपालिकेतील कामाचा, म्हणजे नळ, गटारे, शाळा आणि सरकारी अधिकाऱ्यांशी उडालेले खटके यांचा, आढावा बेननी रस्त्याच्या कडेला उभ्या उभ्या घेतला आणि वाहनांच्या गोंगाटात त्यातले निम्मे ऐकूच आले नाही. एवढ्या गर्दीच्या शहरात पंधरा-वीस माणसांना घेऊन फिरायचे तर कमरेला लावायचा छोटा ध्वनिवर्धक असायला हवा, हे आयोजकांच्या अद्याप लक्षात आलेले दिसत नाही. त्यानंतर लाल दरवाजाजवळच्या 'लकी'मध्ये मस्काबन आणि चहा झाला. जुन्या कबरी जागच्या जागी ठेवून त्यांच्या अवतीभवती टेबले मांडलेले हे उपाहारगृह अहमदाबादेत प्रसिद्धच आहे. चहाची चव जिभेवर ठेवून पुढच्या टप्प्याकडे निघणे हा वेळापत्रकातला शहाणपणाचा भाग म्हणावा लागेल.

दुपारचा टप्पा शाहीबागेत. माझ्या मते संपूर्ण सहलीत सर्वांत कसदार भाग हाच होता आणि आयोजकांनीही त्याला सर्वांत अधिक वेळ ठेवला होता. शाहीबागेतील सर्किट हाऊसमध्ये १८ मार्च १९२२ रोजी गांधीजींवर राजद्रोहाचा खटला चालला. सत्र न्यायाधीश ब्रूमफील्ड यांनी त्यांना ६ वर्षांची शिक्षा सुनावताना टिळकांच्या खटल्याचा दाखला दिला, तो प्रसंग महाराष्ट्रात पुष्कळांना माहीत आहे. परंतु हेच ब्रूमफील्ड सहा वर्षांनी बारडोलीच्या चौकशी समितीत महसूल खात्याच्या मॅक्सवेल यांच्यासह बसले, हे फारसे कोणाच्या ध्यानात राहत नाही. बेननी ही दोन टोके एकाच ठिकाणी उभे राहून जोडली आणि त्यानंतर बारडोलीचा लढा एखादा वकील आपल्या कनिष्ठाला खटला समजावून सांगतो तशा पद्धतीने उलगडला.

त्यांचे म्हणणे थोडक्यात असे होते. बारडोली तालुक्याच्या जमीनमहसुलाची फेरआकारणी करताना सरकारने अखेर २२ टक्के वाढ ठरवली. तिच्यामागे जमीन खंडाने दिली तर किती उत्पन्न येते याचे आकडे होते. पण ते आकडे कसे जमवले, किती जमीन खरोखर खंडाने दिली जाते, आणि फेरआकारणीच्या सरकारी नियमपुस्तकाप्रमाणे असे आकडे आधार म्हणून घेता येतात काय, या तिन्ही प्रश्नांवर सरकारची बाजू लंगडी होती. वल्लभभाईंनी फेब्रुवारी १९२८ मध्ये लढा हाती घेतला तेव्हा स्वराज्य मागितले नाही, महसूल माफ करा असेही म्हटले नाही; निःपक्ष चौकशी करा, तिचा निकाल आम्हाला मान्य असेल, एवढेच मागितले. दाव्यातले मागणे जितके आटोपशीर, तितके ते नाकारणे प्रतिपक्षाला जड जाते, हे कोर्टात वर्षानुवर्षे उभे राहिलेल्या माणसाला सांगावे लागत नाही. जप्त्या झाल्या, म्हशी हाकून नेल्या, जमिनी लिलावात निघाल्या, तरी ते मागणे तसूभरही वाढवले गेले नाही. ऑगस्टमध्ये सरकार चौकशीला तयार झाले, समितीपुढे शेतकऱ्यांची बाजू भुलाभाई देसाई यांच्यासारख्या नामांकित वकिलाने मांडली, आणि २२ टक्क्यांची वाढ सुमारे ६ टक्क्यांवर आली. 'सरदार' ही पदवी या लढ्यातली. आपल्याकडे ती कणखरपणाची खूण म्हणून उच्चारली जाते. मला मात्र त्या दुपारी ती नीट तयार केलेल्या कैफियतीला मिळालेली पावती वाटली.

तेथून जवळच मोती शाही महाल आहे. शाहजहानने राजपुत्र असताना बांधलेला हा वाडा. १८७८ साली सतरा वर्षांचे रवींद्रनाथ ठाकूर आपल्या न्यायाधीश भावाकडे याच वाड्यात येऊन राहिले होते, १९६० नंतर काही वर्षे हे गुजरातचे राजभवन होते आणि आता येथे सरदारांचे राष्ट्रीय स्मारक आहे. वस्तू, छायाचित्रे आणि फलक ज्याचे त्याने आपल्या सवडीने पाहावेत, यासाठी बेननी आम्हाला मोकळे सोडले. सहलीचे वेगळेपण दिसले ते त्यानंतर, बागेतल्या सावलीत, जेव्हा प्रत्येकाच्या हातात एक कागद ठेवला गेला. तो होता १९४७ च्या सामीलनाम्याचा मसुदा, भारतात सामील होताना ज्यावर संस्थानिकांनी सह्या केल्या तो.

कागद लहानसाच आहे, सावकाश वाचला तरी दहा-पंधरा मिनिटांत संपतो. बेननी प्रत्येकाला सातव्या कलमावर बोट ठेवायला सांगितले. या दस्तऐवजातील कशामुळेही भावी राज्यघटना स्वीकारण्यास मी बांधला गेलो आहे असे समजले जाणार नाही, असे त्या कलमात संस्थानिक म्हणतो. त्यापुढील कलमात त्याचे सार्वभौमत्व, सामीलनाम्यात दिले आहे तेवढे सोडून, अबाधित राहील असे लिहिलेले आहे. आणि दिले काय होते, तर संरक्षण, परराष्ट्र व्यवहार आणि दळणवळण, या तीनच बाबी. गटातले एक ज्येष्ठ गृहस्थ साताऱ्याकडे दिवाणी वकिली करतात, ते बराच वेळ कागदाकडे पाहत राहिले आणि म्हणाले, "समोरच्याला घाबरायला काही ठेवलेलेच नाही यात." मला वाटते, एका वाक्यात याहून चांगले भाष्य झाले नसते. मसुद्याची कारागिरी संस्थान खात्याचे सचिव व्ही. पी. मेनन यांची, हे बेननी आवर्जून सांगितले. पण कोणत्या क्षणी किती मागायचे आणि उरलेले कधी मागायचे, हा निर्णय संस्थान खात्याचे मंत्री म्हणून वल्लभभाईंचा होता. १५ ऑगस्ट १९४७ पर्यंत हैदराबाद, जुनागढ आणि काश्मीर वगळता भारताच्या हद्दीतील जवळजवळ सर्व संस्थानांनी सह्या केल्या होत्या. ज्या सार्वभौमत्वाची हमी त्या कागदावर होती ते पुढच्या दोन वर्षांत विलीनीकरणाच्या करारांनी संपले आणि त्याच्या बदल्यात तनखे, म्हणजे संस्थानिकांना सरकारकडून मिळणाऱ्या ठरावीक वार्षिक रकमा, आले. सांगली, औंध, फलटण अशी दख्खनची संस्थाने मार्च १९४८ मध्ये, कोल्हापूर मार्च १९४९ मध्ये आणि बडोदे त्याच वर्षीच्या मे महिन्यात मुंबई प्रांतात विलीन झाली. सांगलीच्या एका बाईंना आपले आजोळ कोणत्या कागदाने भारतात आले हे त्या दुपारी प्रथमच पाहायला मिळाले.

तनखे देण्याचे वचन १९७१ च्या घटनादुरुस्तीने मोडले गेले. तेव्हा हा करार की नुसती सोय, असा प्रश्न गटातून आला. वल्लभभाई स्वतः घटना समितीत या वचनाच्या बाजूने ठाम उभे राहिले होते, आणि त्यांच्या दृष्टीने तो मिळालेल्या मोबदल्याच्या बदल्यात दिलेला शब्द होता, असे उत्तर बेननी दिले. पुढच्या पिढीला तो मान्य होता की नव्हता याचा निवाडा त्यांनी केला नाही. हैदराबादविषयी मात्र त्या घाईत होत्या. गटात नांदेडकडची मंडळी होती, १७ सप्टेंबर १९४८ हा त्यांच्या घरातला दिवस आहे, आणि निजामाशी झालेल्या जैसे थे करारापासून लष्करी कारवाईपर्यंतचे दहा महिने दोन-तीन वाक्यांत गुंडाळले जाताना त्यांचे चेहरे पडलेले दिसले. कायद्याचा मार्ग संपला असे वल्लभभाईंनी कधी आणि कशावरून मानले, हा वकिलाच्या चरित्रातला खरा अवघड प्रश्न होता आणि सहल त्याला बगल देऊन पुढे गेली. नेहरू आणि पटेल यांच्या तुलनेचा विषय कोणीतरी काढलाच. तो मात्र बेननी हसून बाजूला ठेवला, आणि ते बरेच झाले.

दुसऱ्या दिवशी वाहनाने खेडा जिल्ह्याच्या जुन्या मुलखात जायचे असते: नडियाद, आणंद, करमसद आणि बोरसद. वाटेत १९१८ चा खेडा सत्याग्रह सांगितला गेला. पीक चार आण्यांहून, म्हणजे सोळा आणे धरलेल्या पुऱ्या पिकाच्या पाव हिश्श्याहून, कमी आले तर महसूल तहकूब करावा, असा नियम सरकारचाच होता; वाद होता तो पीक किती आणे आले एवढाच. आपल्याकडे दर वर्षी पैसेवारी जाहीर झाली की गावोगाव जो संताप उसळतो तो ज्याने पाहिला आहे, त्याला खेड्याचा लढा समजावून सांगण्याची गरज नाही. वल्लभभाई सूट उतरवून गावोगाव फिरले, पिकांचे अंदाज जमवले आणि सरकारच्या आणेवारीपुढे शेतकऱ्यांची आणेवारी ठेवली. अहमदाबादेतली चालती वकिली तेव्हापासून मागे पडत गेली आणि असहकाराच्या काळात कायमची सुटली.

नडियाद हे त्यांचे आजोळ आणि जन्मगाव. ३१ ऑक्टोबर १८७५ ही जन्मतारीख मॅट्रिकच्या अर्जात त्यांनी स्वतःच अंदाजाने लिहिली, एवढी गंमत ऐकून आम्ही पुढे निघालो. आणंदमध्ये मात्र थांबलो. जानेवारी १९०९ मध्ये येथल्या कोर्टात एका खुनाच्या खटल्यात साक्षीदाराची उलटतपासणी चालू असताना वल्लभभाईंच्या हातात तार पडली. मुंबईत शस्त्रक्रियेनंतर पत्नी झवेरबा वारल्याची ती तार होती. त्यांनी ती वाचली, खिशात ठेवली आणि उलटतपासणी पूर्ण केली. ही हकीकत शाळेच्या पुस्तकांपासून भाषणांपर्यंत सगळीकडे काळीज किती घट्ट होते याचा नमुना म्हणून सांगितली जाते आणि ऐकणाऱ्याला ती थोडी भयंकरही वाटते. बेननी ती वेगळ्या अंगाने सांगितली. आरोपी फाशीच्या छायेत उभा आहे, साक्षीदार अर्ध्यावर आहे, आणि अशा वेळी वकील तहकुबी मागून उठला तर साक्षीदाराला सावरायला रात्र मिळते: हे लक्षात घेतले की त्या कृतीत भावनाशून्यता दिसत नाही, अशिलाचे ऋण दिसते. तेहतिसाव्या वर्षी विधुर झालेल्या या माणसाने पुन्हा लग्न केले नाही. मणिबेन आणि डाह्याभाई ही दोन लहान मुले मागे होती. साताऱ्याचे वकील येथेही बोलले. आपण तहकुबी मागितली असती, असे ते म्हणाले, आणि त्यावर गटात कोणीच काही बोलले नाही.

करमसदला पटेलांचे घर आणि दोघा भावांचे स्मारक आहे. येथे थोरल्या विठ्ठलभाईंची कथा येते आणि ती यायलाच हवी, कारण धाकट्या भावाची बॅरिस्टरी एका पाकिटाने लांबणीवर टाकली. विलायतेला जाण्यासाठी वल्लभभाईंनी पैसे साठवून प्रवासाची व्यवस्था केली होती. तिचे पत्र 'व्ही. जे. पटेल, प्लीडर' या नावाने आले आणि नेमके विठ्ठलभाईंच्या हाती पडले. दोघांची आद्याक्षरे एक, दोघांचा पेशा एक. थोरल्याने आधी जाणे शोभते, असे विठ्ठलभाई म्हणाले आणि धाकट्याने ते मानून त्यांचा खर्चही उचलला. वल्लभभाई १९१० मध्ये गेले, लंडनच्या मिडल टेंपल या बॅरिस्टरांच्या संस्थेत शिकून मुदतीच्या आधीच परीक्षा संपवून १९१३ च्या आरंभी परतले. विलायतेतील ही वर्षे सहलीत जवळजवळ नाहीतच; अर्थात ती गुजरातच्या रस्त्यांवर दाखवता येणारही नाहीत.

येथे एका गोष्टीसाठी आयोजकांना मनापासून दाद द्यावी लागेल. विठ्ठलभाई १९३३ मध्ये परदेशात वारले आणि त्यांनी मृत्युपत्रात बरीचशी रक्कम सुभाषचंद्र बोस यांच्या हाती परदेशातील प्रचारकार्यासाठी ठेवली. वल्लभभाईंनी त्या मृत्युपत्राला आव्हान दिले, प्रकरण मुंबई उच्च न्यायालयात गेले आणि निकाल सुभाषबाबूंच्या विरुद्ध लागला. स्मारकस्थळी गाईडच्या तोंडून असले काही ऐकू येणे दुर्मीळ असते. श्रद्धेच्या ठिकाणी वादाची भांडी कोण वाजवणार? बेननी ती गोष्ट कोणाचीही बाजू न घेता सांगितली आणि वर एवढेच म्हटले की वल्लभभाई सही असलेल्या प्रत्येक कागदाकडे वकिलाच्या डोळ्यांनी पाहत, मग तो कागद भावाचा असला तरी.

बोरसद शेवटी ठेवले आहे आणि ते योग्यच आहे, कारण सहलीचे सूत्र येथे सर्वांत स्पष्ट दिसते. याच गावात वल्लभभाईंनी आठ वर्षे पोलिसांच्या साक्षीदारांची उलटतपासणी केली होती. १९२३ मध्ये बाबर देवा या दरोडेखोराच्या उपद्रवाचे निमित्त करून, गावकरीच दरोडेखोरांना आसरा देतात असा ठपका ठेवून, सरकारने तालुक्यात जादा पोलीस ठेवले आणि त्यांच्या खर्चासाठी प्रत्येक प्रौढ माणसावर २ रुपये ७ आणे कर बसवला. वल्लभभाईंनी आधी चौकशी केली, मग बोलले. एका दरोडेखोराला पकडण्यासाठी पोलिसांनीच दुसऱ्या दरोडेखोराला हाताशी धरल्याचा पुरावा त्यांच्या हाती लागला. त्यानंतर लोकांनी कर देण्यास नकार दिला, जप्तीचे पथक आले की ढोल वाजवून घरे बंद केली जात, आणि थोड्याच आठवड्यांत, १९२४ च्या आरंभी, सरकारने कर मागे घेतला. पोलीस ठाण्याचा कारभार आतून कसा चालतो हे ज्याला फौजदारी वकिलीने शिकवले होते, त्यानेच तो चव्हाट्यावर मांडला. बारडोलीचा गाजावाजा अधिक झाला. पण वकील आणि पुढारी एकाच माणसात कसे काम करतात हे पाहायचे तर बोरसदसारखे उदाहरण नाही.

उणिवाही सांगायला हव्यात. बारडोली या मार्गावर नाही. ते दक्षिण गुजरातेत, सुरतेच्या बाजूला आहे आणि दोन दिवसांत बसणारे नाही, हे मान्य. पण गोध्रा तर सहलीच्या मूळ सूत्राचाच भाग आहे आणि तेही केवळ तोंडी येते. करमसदला जेमतेम तासभर मिळाला, तर दुपारच्या जेवणात त्याहून अधिक वेळ गेला. जेवण म्हणजे रीतसर गुजराती थाळी होती, ती चविष्ट होती आणि वाढणाऱ्यांच्या आग्रहाला तोड नव्हती, परंतु त्यानंतर बोरसदच्या कोर्टाबाहेर उन्हात उभे राहून दरोडेखोरांची हकीकत ऐकताना निम्म्या गटाचे डोळे मिटत होते. दस्तऐवजांची जी पुडकी दिली जाते तिच्यातले कागद इंग्रजी आणि गुजरातीत आहेत. मराठी गट नियमित येत असतील तर निदान सामीलनाम्याचा आणि बारडोलीच्या मागणीपत्राचा मराठी गोषवारा तयार करणे कठीण नाही. बेनचे हिंदी स्वच्छ आहे, मात्र महसुलाच्या शब्दांवर त्या गुजरातीत शिरतात आणि तेथे शेजाऱ्याला विचारावे लागते.

तुरुंगवासांचा भागही मला तोकडा वाटला. १९३२-३३ मध्ये वल्लभभाई हे गांधीजी आणि त्यांचे सचिव महादेवभाई देसाई यांच्यासह येरवड्यात होते, तेथे त्यांनी सातवळेकरांच्या पाठांवरून संस्कृत शिकायला घेतले आणि जुन्या कागदांची पाकिटे करण्यात हातखंडा मिळवला; पुढे १९४२ नंतर जवळजवळ तीन वर्षे ते अहमदनगरच्या किल्ल्यात होते. ही दोन्ही स्थळे महाराष्ट्रात असल्याने या सहलीत येणार नाहीत हे उघड आहे, पण बेननी त्यांचा नुसता उल्लेखही ओझरताच केला. पुण्या-नगरकडच्या एखाद्या मंडळाने हा उरलेला अर्धा भाग हाती घ्यायला हरकत नाही.

शुल्कात दुसऱ्या दिवसाचे वाहन, दोन्ही दिवसांचे दुपारचे जेवण, प्रवेशशुल्के आणि कागदांचे पुडके येते. मुक्काम आणि रेल्वेभाडे ज्याचे त्याने पाहायचे. पहिल्या दिवशी चालणे बरेच आहे आणि भद्रच्या गर्दीत पायऱ्या, खड्डे, हातगाड्या यांतून वाट काढावी लागते, त्यामुळे गुडघ्यांचा त्रास असणाऱ्यांनी सकाळचा भाग सोडून थेट शाहीबागेत गटाला गाठावे. आयोजक त्याला तयार असतात. लहान मुलांसाठी ही सहल नाही. कायद्याच्या विद्यार्थ्यांना मात्र जरूर पाठवावे, आणि शक्य असेल तर डिसेंबर-जानेवारीतच, कारण मार्चनंतर मोती शाही महालाच्या बागेत बसून सातवे कलम वाचण्याइतकी सावली उरत नाही.